पडद्याआडचा रणगाडा

शुभवर्तमानात गालीलच्या हेरोदाचा उल्लेख राजा म्हणून येतो, तसाच 'टेट्रार्क' म्हणूनही येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चौथ्या हिश्शाचा अधिपती. मराठी बायबलात त्यासाठी 'मांडलिक' असा नेमका शब्द योजलेला आहे. राज्य आहे, पण ते पुरे नाही. सत्ता आहे, पण ती दुसऱ्याच्या मर्जीवर. हेच नाव ब्रिटिश युद्धखात्याने १९४१ साली आपल्या एका लहानशा रणगाड्याला दिले. नाव ठेवणाऱ्यांनी शास्त्रार्थ पाहिला असेल असे नाही. परंतु पुढची हकीकत पाहिली म्हणजे असे वाटते की, त्या रणगाड्याला याहून समर्पक नाव शोधूनही सापडले नसते. त्याचे नशीब प्रथम दुसऱ्यांच्या पराभवाने ठरविले आणि मागाहून एका लाकडी विमानाने.

दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे म्हटले म्हणजे शेरमन, टायगर, रशियाचा टी-३४ ही नावे ओठांवर येतात. टेट्रार्कचे नाव सहसा कोणी घेत नाही. हा गाडा संख्येने दोनशेलाही पोचला नाही आणि कोणतीही मोठी लढाई त्याने जिंकून दिली नाही. तरीसुद्धा युद्धाच्या इतिहासात ग्लायडरातून थेट रणभूमीवर उतरलेला पहिला रणगाडा हाच. आणि पोहणाऱ्या रणगाड्याचा पहिला यशस्वी प्रयोगही याच्याच अंगावर झाला.

या कथेचा आरंभ विकर्स-आर्मस्ट्राँग या कारखान्यात होतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश सैन्याचे हलके रणगाडे बव्हंशी याच कंपनीने बनविले. ते गाडे स्वस्त होते, चपळ होते, आणि साम्राज्याच्या सरहद्दींवर पहारा करण्यास पुरेसे होते. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ रस्त्यांवरही ते फिरलेले आहेत. त्यांच्यावर बसविलेली शस्त्रे म्हणजे केवळ मशिनगन. समोर बंदूकधारी टोळीवाले असतील तोवर ते ठीक होते. समोर दुसरा रणगाडा उभा राहिला तर काय करावयाचे, या प्रश्नाला त्या गाड्यांपाशी उत्तर नव्हते.

कंपनीचा प्रतिभावान अभिकल्पक सर जॉन कार्डन १९३५ च्या डिसेंबरात विमान-अपघातात मरण पावला. त्याच्या पठडीत तयार झालेला लेस्ली लिटल याने १९३७ साली एका नव्या गाड्याची आखणी सुरू केली. सरकारने मागणी केलेली नव्हती. कंपनीने आपल्याच जबाबदारीवर हे काम हाती घेतले होते. सैन्याने घेतला तर उत्तम, न घेतला तर परदेशी गिऱ्हाईक पाहू, असा व्यापारी हिशेब त्यामागे होता. साहजिकच काम गुप्त राहिले आणि कारखान्यात या गाड्याला टोपणनाव पडले 'पर्दा'! हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला हा शब्द एका लोखंडी गाड्यावर जाऊन बसावा, ही मौज खरीच. पुढे तर तो अक्षरशः खरा ठरला, पण ते ओघाने येईलच.

लिटलच्या गाड्याचे वजन सुमारे साडेसात टन, आणि त्यावर तोफ होती दोन पौंडी, म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाची. त्या वेळी ब्रिटनच्या याहून दुप्पट-तिप्पट वजनाच्या रणगाड्यांवरही हीच तोफ बसवीत असत. हलक्या गाड्याला प्रथमच मोठ्या भावाचे शस्त्र मिळाले होते. १६५ अश्वशक्तीचे बारा सिलिंडरांचे मेडोज एंजिन त्याला सडकेवर ताशी ४० मैलांच्या वेगाने पळवी.

त्याची वळण्याची रीत तर अगदीच निराळी होती. सर्वसाधारण रणगाडा वळतो तो एका बाजूचा पट्टा रोखून. त्यामुळे गाडा हिसका खातो आणि एंजिनची शक्ती ब्रेकमध्ये जळून जाते. टेट्रार्कच्या प्रत्येक बाजूस चार मोठी चाके होती. चालकाने सुकाणूचक्र फिरविले की ही चाके मोटारीच्या चाकांप्रमाणे थोडी तिरपी होत, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी पट्टाच धनुष्यासारखा किंचित वाके. गाडा मग त्या वाकलेल्या वाटेनेच अलगद वळे. अगदी काटकोनात वळावयाचे असले तरच ब्रेकचा आश्रय घ्यावा लागे. यासाठी पट्ट्याच्या कड्या खास बनवाव्या लागत. परंतु भरधाव वेगात गाडा ज्या सफाईने वळे त्यावरून ही कल्पना किती सुंदर होती ते दिसून येई.

गुण सांगितले, आता उणीवा. चिलखत जाडीला जास्तीत जास्त १४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीइतके. बंदुकीची गोळी ते अडवी, तोफेचा गोळा नव्हे. दुसरी उणीव त्याहूनही गंभीर होती, कारण ती कागदावर दिसत नव्हती. गाड्यात माणसे तीन. एक पुढे बसून हाकणार. दोघे वर तोफेच्या बुरुजात. त्यांपैकी एक नेम धरणार, आणि दुसरा जो नायक, त्याने शत्रू कोठे आहे ते पाहावयाचे, चालकाला वाट सांगावयाची, बिनतारी यंत्रावर बोलावयाचे, आणि तोफेत गोळाही त्यानेच भरावयाचा. गोळा भरण्यासाठी तो खाली वाकला की गाडा जणू आंधळा होई. नेमक्या चकमकीच्या क्षणी, जेव्हा डोळे सर्वाधिक हवेत तेव्हाच! हलके गाडे बनविताना वजनाचा एकेक शेर वाचविला जातो. पण चौथ्या माणसाला गाळून वाचविलेले वजन फार महाग पडते, हे अनेक देशांनी त्या काळात रक्त देऊन शिकून घेतले.

१९३८ च्या उन्हाळ्यात युद्धखात्याने नमुन्याची परीक्षा घेतली आणि काही फेरफार सुचवून मागणी नोंदविली. गाड्याला 'हलका रणगाडा, सातवी आवृत्ती' असे अधिकृत नाव मिळाले. उत्पादन मेट्रो-कॅमेल या बर्मिंगहॅमच्या कारखान्याकडे सोपविले गेले. ते सुरू होण्यास १९४० चा जुलै उजाडला, आणि त्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत जगाचा नकाशा बदलून गेला होता. मे-जूनमध्ये फ्रान्स कोसळला. तेथे नेलेल्या जुन्या हलक्या रणगाड्यांचा जर्मन तोफांपुढे पार चुराडा झाला, आणि डंकर्कहून सैन्य परतले ते जवळजवळ सर्व गाडे मागे टाकून. हलका रणगाडा लढाईत टिकत नाही, असा निष्कर्ष युद्धखात्याने काढला. ज्या गाड्याने रणभूमी पाहिलीही नव्हती त्याला आपल्या वडीलधाऱ्यांच्या अपयशाची शिक्षा मिळाली. मागणी कमी झाली, पुन्हा थोडी वाढली, आणि १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन बाँबहल्ल्यात कारखान्याचीच नासधूस होऊन काम आणखी रखडले. निष्कर्ष अन्याय्य होता काय? तसे म्हणवत नाही. १४ मिलिमीटरचे चिलखत फ्रान्समध्ये टिकले नसते, हे उघड आहे.

जे गाडे तयार झाले ते प्रथम चिलखती डिव्हिजनांना देण्यात आले. पण त्यांची एंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था सदोष निघाली. ईजिप्त-लिबियाच्या वाळवंटात ते तापून बंद पडणार, म्हणून तिकडे जाणाऱ्या दळांकडून ते काढून घेण्यात आले. ज्या एका आघाडीवर ब्रिटनला रणगाड्यांची अतोनात गरज होती, तेथेच हे गाडे निरुपयोगी!

याच सुमारास निकोलस स्ट्रॉसलर या हंगेरीत जन्मलेल्या अभियंत्याच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. रणगाडा पाण्यावर तरंगावयाचा तर त्याला होडीचा आकार हवा. पण होडीच्या आकाराचा गाडा जमिनीवर बेढब होतो. स्ट्रॉसलरने कापडाची होडी करावयाचे ठरविले. गाड्याभोवती जलाभेद्य कॅनव्हासचा उंच पडदा उभारावयाचा, मागे एक पंखा बसवावयाचा, आणि किनारा लागला की पडदा खाली पाडून लढाईस लागावयाचे. गाडा स्वतः पाण्याच्या पातळीखाली असतो, पडद्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या बळावर तो तरंगतो. आर्किमिडिजचा नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, तोच येथे कामास आला. प्रयोगासाठी हलका गाडा हवा होता, म्हणून टेट्रार्कची निवड झाली. १९४१ च्या जूनमध्ये लंडनजवळच्या ब्रेंट जलाशयावर तो यशस्वी रीतीने तरंगला आणि चालला. 'पर्दा' नावाच्या गाड्याने खरोखरीच पडदा घेतला! नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पुढे जे शेरमन रणगाडे पोहत गेले, त्यांची युक्ती हीच. श्रेय अर्थात शेरमनच्या पदरात पडले.

टेट्रार्कला पहिली प्रत्यक्ष लढाई दिसली ती युरोपात नव्हे, मादागास्कर बेटावर. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो व त्रिंकोमाली या बंदरांवर बाँब टाकले, आणि हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टण व काकिनाडा येथेही भयाची छाया पडली. भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाल्यामुळे ईजिप्त आणि हिंदुस्थान यांच्याकडे जाणारी सैन्ये, दारूगोळा, सारे काही केप ऑफ गुड होपला वळसा घालून मादागास्करच्या बाजूने येत असे. ते बेट जर्मनीशी तह करून बसलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या ताब्यात होते. उत्तर टोकाचे दिएगो सुआरेझ हे प्रशस्त बंदर जपान्यांच्या पाणबुड्यांना मिळाले असते, तर मुंबईकडे येणाऱ्या जहाजांचा मार्गच कापला गेला असता. तेव्हा आधी आपणच ते घ्यावे, असे ब्रिटनने ठरविले.

बंदराचे तोंड पूर्वेकडे, आणि तेथे भक्कम तोफा. म्हणून ५ मे १९४२ रोजी पहाटे सैन्य उतरले ते पश्चिमेच्या किनाऱ्यावर, बेटाची निमुळती मान ओलांडून पाठीमागून जाण्यासाठी. त्याच्याबरोबर बारा रणगाडे होते : सहा व्हॅलेंटाईन आणि सहा टेट्रार्क. बंदरापर्यंत सुमारे २० मैलांची वाट. रणगाडे उत्साहाने पायदळाच्या पुढे निघाले. वाटेतील पहिला विरोध मोडला. पण बंदराच्या अलीकडे एक जुनी तटबंदी होती, खंदक आणि लहान किल्ले यांची. पहिल्या महायुद्धात नावाजलेला मार्शल जॉफ्र तरुणपणी या बेटावर होता, त्याचेच नाव तिला होते. तेथील ७५ मिलिमीटरच्या फ्रेंच तोफांनी गाडे टप्प्यात येऊ दिले आणि मग मारा केला. पातळ चिलखताचे जे व्हावयाचे ते झाले. व्हॅलेंटाईनचे चिलखत टेट्रार्कच्या चौपट जाड; पण तेही वाचले नाहीत. पहिल्या दिवसाच्या अखेरीस बारांपैकी बहुतेक गाडे निकामी होऊन पडले होते.

बंदर अखेर घेतले ते दुसऱ्या रात्री 'अँथनी' या विनाशिकेने. ती अंधारात तोफांच्या समोरून बंदरात घुसली, तिने पन्नास नौसैनिक धक्क्यावर उतरविले, आणि त्यांनी पाठीमागे माजविलेल्या गोंधळात तटबंदीवरचा प्रतिकार ढासळला. ज्या जपानी पाणबुड्यांची भीती होती त्या त्याच महिन्याच्या अखेरीस आल्याही. त्यांच्या चिमुकल्या पाणबुड्यांनी बंदरात शिरून 'रॅमिलीज' या युद्धनौकेला जायबंदी केले आणि एक तेलवाहू जहाज बुडविले. म्हणजे शंका निराधार नव्हती. पायदळाला मागे ठेवून चिलखतावर भिस्त ठेवण्याचा परिणाम मात्र तीन माणसांच्या त्या लहान गाड्यांनी भोगला.

वीस टेट्रार्क इराणमार्गे सोव्हिएत रशियालाही देण्यात आले. कॉकेशसच्या आघाडीवर ते १९४३ पर्यंत लढत लढत संपले. त्या सैनिकांना जे मिळेल ते हवे होते.

आता ग्लायडरांची हकीकत. जर्मनांनी १९४० साली ग्लायडरांतून माणसे उतरवून बेल्जमचा एक बलाढ्य किल्ला घेतला, तेव्हापासून ब्रिटनही हवाई सैन्य उभारण्याच्या मागे लागले होते. हवाई सैनिकाची मोठी अडचण अशी की, छत्रीने उतरताना तो फक्त हातातली शस्त्रे नेऊ शकतो. समोर रणगाडे आले की तो असहाय होतो. मग त्याच्याबरोबर रणगाडाच उतरविला तर? जनरल एअरक्राफ्ट कंपनीने त्यासाठी हॅमिलकार नावाचे ग्लायडर बनविले. कार्थेजच्या हॅनिबलचा पिता तो हॅमिलकार. पंखांचा विस्तार ११० फूट, सारा सांगाडा लाकडाचा, एंजिन नाही. चार एंजिनांचे हॅलिफॅक्स विमान त्याला दोराने ओढून आकाशात नेई. त्याच्या पोटात साडेसात टनांचा बोजा मावे, आणि ब्रिटनपाशी त्या मापाचा एकच तोफधारी रणगाडा होता : नाकारलेला, रखडलेला, वाळवंटात तापणारा टेट्रार्क. ज्या हलकेपणासाठी त्याला बाजूस सारले, त्या हलकेपणामुळेच आता त्याला आमंत्रण आले.

हॅमिलकारची रचना विलक्षण होती. दोघे वैमानिक माथ्यावर एकामागे एक बसत, खाली रणगाडा, आणि रणगाड्याचे तिघे सैनिक रणगाड्यातच. दोर सुटल्यावर, ग्लायडर अजून हवेत असतानाच, गाड्याचे एंजिन सुरू करावयाचे. धूर नळ्यांवाटे बाहेर जाई. जमिनीला टेकताच गाडा पुढे सरके, त्याच हिसक्याने त्याची बंधने सुटत आणि ग्लायडरच्या नाकाचे दार उघडे. थांबल्यावर काही क्षणांतच गाडा बाहेर. हे सारे ठरल्याप्रमाणे झाले तर! त्या पोकळीत, अंधारात, लोखंडी पेटीत बसून एका दोरावर लोंबकळत समुद्र ओलांडणाऱ्या तिघांच्या मनाची कल्पना करून पाहावी.

तोफेची शक्ती वाढविण्याचाही एक उपाय झाला. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या यानेचेक नावाच्या अभियंत्याने तोफेच्या तोंडाशी बसविण्याचा निमुळता नळा बनविला. ४० मिलिमीटरचा गोळा त्यातून जाताना दाबला जाऊन बारीक होई, आणि त्याचा वेग व वेधशक्ती पुष्कळ वाढे. यानेचेक या आडनावाचा अर्थ 'छोटा यान'. इंग्लंडात त्याचे 'लिटलजॉन' झाले आणि नळ्यालाही तेच नाव मिळाले.

६ जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहाटेपासून घनघोर लढाई चालू होती. ऑर्न नदीच्या पूर्वेस ब्रिटनचे सहावे हवाई डिव्हिजन रात्रीच उतरून पूल धरून बसले होते. संध्याकाळी नऊच्या सुमारास, अजून उजेड असताना, सुमारे अडीचशे ग्लायडरांचा थवा समुद्रावरून आला. त्यांतील वीस हॅमिलकारांत एकेक टेट्रार्क होता. खरे म्हणजे एक वाटेतच गेला होता. त्याची बंधने समुद्रावर असतानाच तुटली, गाडा ग्लायडरचे नाक फोडून खाली कोसळला आणि पाठोपाठ ग्लायडरही समुद्रात गेले. त्यातील कोणी वाचले नाही.

उतरतानाही दैव फिरलेलेच होते. दोन ग्लायडर एकमेकांवर आदळले, तेव्हा त्यांच्याबरोबर आतले गाडेही नाहीसे झाले. बाहेर पडत असलेल्या आणखी एका गाड्याला तिसऱ्या ग्लायडरची धडक बसून तो उलथला. त्यातील माणसे आश्चर्यकारक रीतीने बचावली. उरलेले गाडे सुखरूप बाहेर पडले आणि शेतातून निघाले. आदल्या रात्री त्याच शेतांत छत्रीधारी सैनिक उतरले होते; त्यांनी टाकून दिलेल्या रेशमी छत्र्या आणि त्यांचे दोर पिकांतून सर्वत्र पसरलेले होते. ते दोर गाड्यांच्या दातेरी चाकांत आणि पट्ट्यांत गुंडाळले जाऊन घट्ट बसले. एकामागून एक गाडे जागच्या जागी अडकले. समुद्र ओलांडून आलेला, आकाशातून उतरलेला रणगाडा शत्रूच्या तोफेने नव्हे, स्वकीयांच्या दोराने जखडला जावा! गुंता कापून काढीपर्यंत त्यांना हालता येईना.

तरीही ही स्वारी वाया गेली असे म्हणणे चुकीचे होईल. त्याच संध्याकाळी जर्मनांच्या २१ व्या पँझर डिव्हिजनचा एक भाग दोन ब्रिटिश किनाऱ्यांमधल्या फटीतून थेट समुद्रापर्यंत पोचला होता. डोक्यावरून जाणारी ती ग्लायडरांची अखंड रांग पाहून, आपण पाठीमागून कापले जाणार अशी जर्मन सेनापतींना धास्ती वाटली आणि त्यांनी माघार घेतली. टेट्रार्कचा एकही गोळा सुटण्यापूर्वीच, केवळ त्या थव्यात असल्याने, त्याच्या हातून काही काम झाले.

पुढील आठवड्यांत सोडविलेले गाडे बाव्हाँच्या जंगलाच्या बाजूने टेहळणी करीत राहिले. जर्मन मार्क-४ रणगाड्याशी गाठ पडली तर काय होईल, हे त्यांतील माणसांना पुरते ठाऊक होते. म्हणून झाडीआडून पाहणे, बातमी आणणे, छत्रीधारी पायदळाला तोफेचा आधार देणे हेच त्यांचे काम. ऑगस्टात आगेकूच सुरू होण्यापूर्वी त्यांपैकी बहुतेकांच्या जागी क्रॉमवेल हे भक्कम गाडे देण्यात आले. टेट्रार्क काही थोडे मुख्य कचेरीपाशी उरले. १९४५ च्या मार्चमध्ये ऱ्हाईन नदीपलीकडे हॅमिलकारमधून रणगाडे पुन्हा उतरले तेव्हा ते अमेरिकन बनावटीचे आठ लोकस्ट होते. ग्लायडरातून रणगाडा लढाईत नेण्याचा तो शेवटचा प्रसंग.

टीकाकार म्हणतात की, इतक्या खटाटोपाने इतका दुबळा गाडा नेण्यापेक्षा त्याच ग्लायडरांतून मोठ्या रणगाडाविरोधी तोफा अधिक नेल्या असत्या तर बरे. यात तथ्य आहे. सतरा पौंडी तोफा हॅमिलकारमधूनच नॉर्मंडीत गेल्या आणि त्यांनी अधिक काम केले. परंतु तोफ ओढून न्यावी लागते आणि गाडा स्वतः जाऊन पाहून येतो, हा फरक त्या जंगलाच्या कडेला अडकलेल्या पायदळाच्या दृष्टीने लहान नव्हता.

टेट्रार्कची सुधारलेली आठवी आवृत्ती निघाली. तिला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे विश्वासू सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांचे नाव दिले. ती कोणत्याच लढाईत गेली नाही. टेट्रार्क १९४६ मध्ये कालबाह्य ठरविण्यात आला. आज एक टेट्रार्क इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या रणगाडा-संग्रहालयात उभा आहे आणि एक रशियात, मॉस्कोजवळ कुबिंका येथे. बोव्हिंग्टनच्या अवाढव्य गाड्यांच्या रांगेत तो शोधावा लागतो.